हनुवटीखालची बाजारपेठ

२९ एप्रिल २०१५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘कायबेला’ नावाच्या एका इंजेक्शनला विक्रीची परवानगी दिली. ती कशासाठी दिली हे सांगताना परवानापत्रकाला बरीच कसरत करावी लागली आहे. हनुवटीच्या खाली साठलेल्या मेदामुळे प्रौढ व्यक्तीच्या चेहऱ्याला जो मध्यम ते तीव्र फुगवटा येतो, त्याचे ‘रूप सुधारणे’ हा या औषधाचा अधिकृत उपयोग. रोग बरा करणे नव्हे, वेदना शमविणे नव्हे, आयुष्य वाढविणे तर नव्हेच, रूप सुधारणे. जगातील अत्यंत कडक समजल्या जाणाऱ्या औषध-नियंत्रक यंत्रणेने ज्या अवस्थेवर औषध मान्य केले, त्या अवस्थेला महाराष्ट्रातील घराघरांतून ‘अंगाने जरा भरली’ एवढेच म्हटले जाई आणि पुष्कळदा ते खात्यापित्या घरचे लक्षण मानले जाई.

अशा विषयावर समाजवादी साप्ताहिकाने आपली पाने का खर्चावीत, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतील. श्रीमंतांच्या बायकांचे हे चोचले, त्यांचे त्यांना लखलाभ, असे म्हणून पान उलटण्याकडे त्यांचा कल असतो. दुसऱ्या बाजूला, व्यक्तिस्वातंत्र्याचे अलीकडे वाढलेले उपासक आहेतच. ज्याचे शरीर त्याचा निर्णय, त्यात समाजाने आणि पक्षाने नाक खुपसण्याचे कारण काय, असा त्यांचा सवाल असतो. या दोन भूमिका एकमेकींच्या विरोधी दिसतात. वस्तुतः दोघींचा निष्कर्ष एकच आहे : या व्यवहाराची चौकशी करू नये. आणि नेमकी हीच गोष्ट त्या व्यवहारातून पैसा करणाऱ्यांना हवी असते.

प्रारंभी एक गल्लत दूर केली पाहिजे. मधुमेह आणि लठ्ठपणा यांवर जी नवी इंजेक्शने गेल्या काही वर्षांत गाजत आहेत, त्यांचा हा विषय नव्हे. ती भुकेवर आणि रक्तातील साखरेवर परिणाम करतात. त्यांच्या किमतीचा प्रश्न गंभीर आहे, पण त्यांच्यामागे एक खरा आजार उभा आहे. येथे विचार करावयाचा आहे तो शरीराच्या एखाद्या ठराविक जागेवरील, म्हणजे हनुवटीखालील, पोटावरील, दंडावरील, मेद टोचून ‘विरघळविण्या’च्या उपायांचा.

हे औषध म्हणजे आहे तरी काय? डीऑक्सिकोलिक आम्ल. ते कोणाही शास्त्रज्ञाने निर्माण केलेले नाही. माणसाचे यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते, आतड्यातील जीवाणू त्यांपैकी एकाचे रूपांतर डीऑक्सिकोलिक आम्लात करतात, आणि जेवणातील तेलातुपाचे बारीक थेंब करून ते पचविण्याच्या कामी ही पित्ताम्ले येतात. तेलकट पातेल्यावर साबण जे काम करतो तेच हे काम. हे आम्ल त्वचेखाली टोचले की तेथील मेदपेशींचे आवरण फुटते, पेशी मरतात, त्या जागी दाह होतो, आणि मेलेल्या पेशींचा राडारोडा शरीर सावकाश उचलून नेते. ‘विरघळविणे’ हा सौम्य शब्द जाहिरातदारांचा; प्रत्यक्षात तो जिवंत ऊतींचा नाश आहे. शिवाय साबणाला जसे भांडे कोणाचे ते कळत नाही, तसा या आम्लालाही मेदपेशी आणि इतर पेशी यांतला भेद पुरता कळत नाही. म्हणूनच सुई उथळ गेली तर वरची कातडी मरून जखम होण्याचा धोका परवानापत्रकातच नोंदविलेला आहे.

एका बैठकीत दोन दशांश मिलिलिटरच्या जास्तीत जास्त ५० टोचण्या, किमान एकेक महिन्याच्या अंतराने जास्तीत जास्त ६ बैठका, असे त्याचे वेळापत्रक. ज्या दोन मुख्य चाचण्यांवर परवानगी मिळाली त्यांत हजाराहून थोडी अधिक माणसे होती. त्यांतील ८५ टक्के स्त्रिया. औषध टोचून घेतलेल्यांपैकी ८७ टक्क्यांना सूज आली, ७२ टक्क्यांना रक्त साकळून काळेनिळे डाग पडले, ७० टक्क्यांना वेदना झाल्या, ६६ टक्क्यांना त्या जागी बधिरता आली. ४ टक्क्यांच्या बाबतीत जबड्याच्या कडेने जाणारी चेता दुखावली आणि त्यांचे हसणे वाकडे झाले. ते पूर्ववत होण्यास कोणाला एक दिवस लागला, तर कोणाला २९८ दिवस. २ टक्के लोकांना काही काळ गिळण्याचा त्रास झाला. आणि लाभ? तपासणारा डॉक्टर आणि स्वतः रुग्ण या दोघांच्याही मोजपट्टीवर दोन पायऱ्यांची सुधारणा एका चाचणीत १३.४ टक्के आणि दुसऱ्या चाचणीत १८.६ टक्के लोकांत दिसली. एकाच पायरीची सुधारणा धरली, तर आकडा ७० टक्क्यांपर्यंत जातो. पण मग ज्यांना औषधाविना नुसते द्रावण टोचले होते त्यांच्यातही एका चाचणीत १८.६ आणि दुसरीत २२.२ टक्के लोकांचा फुगवटा ‘सुधारला’ होता. औषध निकामी आहे असे या आकड्यांवरून म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. ते आपले काम करते. ते काम कोणी ठरविले, हा प्रश्न आहे.

त्यासाठी या द्रावणाचा पूर्वेतिहास पाहावा लागतो. जर्मनीत कलोन येथील एका कंपनीने सोयाबीनमधील फॉस्फोलिपिडांपासून शिरेत द्यावयाचे एक औषध बनविले होते. ‘लिपोस्टॅबिल’ त्याचे नाव. रक्तवाहिनीत मेदाचे कण अडकून होणारे प्राणघातक उपद्रव टाळावेत, असा त्याचा हेतू होता. म्हणजे ते मूळचे खऱ्याखुऱ्या आजारावरचे औषध. सोयाबीनचा हा स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळत नाही, म्हणून त्यात पित्ताम्लाचा एक क्षार घातलेला असे. फोडणीत तेल जसे केवळ माध्यम म्हणून असते, तसे ते घातलेले होते. पुढे दक्षिण अमेरिकेत आणि युरोपात काही डॉक्टरांनी हेच द्रावण डोळ्यांखालील व अंगावरील मेदावर टोचण्यास आरंभ केला. ब्राझीलमधील एका त्वचारोगतज्ज्ञ स्त्रीने डोळ्यांखालील मेदाविषयीचा आपला अनुभव २००१ मध्ये प्रसिद्ध केला आणि ही पद्धत अमेरिकेच्या सौंदर्यचिकित्सेच्या बाजारात झपाट्याने शिरली. स्वतः ब्राझीलच्या औषध-नियंत्रक संस्थेने या कामासाठी ते वापरण्यास मनाई केली. पण तोवर सुई समुद्रापार गेली होती.

अमेरिकेत त्यानंतर जे घडले त्यावरून मुक्त बाजारपेठेच्या भक्तांनी काही शिकावयास हरकत नव्हती. ज्या द्रावणाला त्या कामासाठी कोणतीही मान्यता नव्हती, त्यावर दुकानांच्या साखळ्या उभ्या राहिल्या. सेंट लुई शहरातून चालणारी अशी एक साखळी अनेक राज्यांत पसरली होती. २००७ च्या डिसेंबरात तिने एकाएकी टाळे लावले. आगाऊ पैसे भरून बसलेले ग्राहक आणि रस्त्यावर आलेले कर्मचारी एवढे काय ते मागे उरले. अन्न व औषध प्रशासनाला जाग आली ती २०१० मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्याने अमेरिकेतील ६ ‘वैद्यकीय स्पां’ना आणि ब्राझीलमधील एका कंपनीला खोट्या व भ्रामक दाव्यांबद्दल इशारापत्रे धाडली. म्हणजे टोचणे सुरू झाल्यावर सरकारी पत्र निघावयास जवळजवळ एक दशक लागले.

याच सुमारास कॅलिफोर्नियात काही संशोधक वेगळाच प्रश्न विचारीत होते : या मिश्रणातील नेमका कोणता घटक पेशी मारतो? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांचे उत्तर असे की, सोयाबीनचे फॉस्फोलिपिड हा काही मुख्य कर्ता नव्हे. केवळ माध्यम म्हणून घातलेले पित्ताम्ल हाच खरा घातक. शास्त्र म्हणून हा शोध स्वच्छ आणि उपयुक्त होता, आणि त्याबद्दल त्या संशोधकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांची प्रयोगशाळा लॉस एंजेलिस जिल्ह्याच्या एका सार्वजनिक इस्पितळाच्या आवारात होती. ज्यांच्याजवळ विम्याचे कागद नाहीत अशी माणसे उपचारासाठी रांग लावतात, असे ते इस्पितळ. त्या आवारात मिळालेल्या ज्ञानाचे पुढे पेटंट झाले, ते पेटंट एका नव्या खासगी कंपनीच्या हाती गेले, आणि कायथेरा नावाच्या त्या कंपनीचे भाग २०१२ मध्ये शेअर बाजारात विकावयास निघाले. पेटंट अर्थातच पित्ताम्लावर घेता येत नव्हते, ते निसर्गाचे. म्हणून ते त्याच्या प्रमाणावर, शुद्धतेवर आणि टोचण्याच्या पद्धतीवर घेण्यात आले. पूर्वी गावच्या सार्वजनिक विहिरीवर हक्क सांगता येत नसे, तेव्हा पाण्याकडे जाणारी वाट अडवली जाई. त्यातलाच हा प्रकार.

परवानगी मिळून दोन महिनेही झाले नव्हते, तोच जून २०१५ मध्ये ‘बोटॉक्स’ विकणाऱ्या ॲलरगन कंपनीने ही कंपनी सुमारे २१० कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला. ज्या कंपनीजवळ बाजारात विकावयाचे जवळजवळ एकच औषध आहे, तेही हनुवटीखाली टोचण्याचे, त्या कंपनीचे हे मोल! ॲलरगनचा हिशेब साधा होता. सुरकुत्यांसाठी दर चार-सहा महिन्यांनी ज्या दवाखान्यांत माणसे येत होतीच, त्याच खुर्चीत बसलेल्या त्याच माणसाला आणखी एक उणीव दाखवावयाची होती. भांडवलाची ही जुनी रीत आहे. गरज भागविणारी वस्तू एकदा विकली की ग्राहक घरी जातो. उणीव विकली तर तो पुनः पुन्हा येतो. पुढे विक्री अपेक्षेइतकी वाढली नाही, आणि आपल्या हिशेबवहीत या औषधाची जी किंमत लिहिली होती ती ॲलरगनला उतरवावी लागली, ही गोष्ट निराळी. स्त्रियांनी ५० टोचण्या आणि दोन आठवड्यांची सूज यांचा विचार करून शहाणपणाने पाय मागे घेतला असावा. २०२० मध्ये ॲलरगनलाच ॲबव्ही या आणखी मोठ्या कंपनीने सुमारे ६३०० कोटी डॉलरना गिळले.

येथे नियंत्रणाचे समर्थक एक आक्षेप घेतील, आणि तो वाजवी आहे. ते म्हणतील : अप्रमाणित द्रावण टोचणाऱ्या भोंदूंच्या जागी तपासलेले, मोजलेले, इशारे छापलेले औषध आले, हे चांगलेच झाले नाही काय? झालेच. मोजमाप नसलेल्या सुईपेक्षा मोजमाप असलेली सुई बरी, हे कोण नाकारील? पण अन्न व औषध प्रशासनाने विचारलेले प्रश्न दोनच होते : ते चालते काय, आणि ते पुरेसे निर्धोक आहे काय. समाजाच्या संशोधनाची, प्रयोगशाळांची, डॉक्टरांची आणि स्वयंसेवकांच्या शरीरांची शक्ती या कामावर खर्च व्हावी काय, हा तिसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला नाही, आणि भांडवलशाहीत तो कोणालाच नाही. तो प्रश्न शेअर बाजार विचारतो आणि त्याचे उत्तरही तोच देतो.

हे उत्तर कसे असते ते पाहावयाचे असेल तर याच आम्लाच्या सख्ख्या भावाची कथा ऐकावी. यकृतात तयार होणारे दुसरे पित्ताम्ल म्हणजे केनोडीऑक्सिकोलिक आम्ल. जगात काही थोड्या माणसांच्या शरीरात जन्मजात दोषामुळे ते नीट तयार होत नाही. कोलेस्टेरॉलचे घातक रूप मेंदूत व स्नायुबंधांत साठत जाते, चालणे बिघडते, बुद्धी मंदावते. हे आम्ल गोळीवाटे वेळेवर दिले तर त्यांचे आयुष्य सावरते. नेदरलँड्समध्ये असे सुमारे ६० रुग्ण आहेत. पित्तखड्यांवरचे जुने औषध म्हणून ही कॅप्सूल तेथे मिळत असे. २००८ मध्ये १०० कॅप्सूलना सुमारे ४६ युरो पडत. लीडियंट या कंपनीने ते औषध हाती घेतले, दुर्मीळ रोगावरील औषध म्हणून त्याला विशेष संरक्षण मिळविले, आणि २०१७ मध्ये त्याच १०० कॅप्सूलची किंमत १४,००० युरो केली. औषध तेच. रोग तोच. नवे संशोधन म्हणावे असे फारसे काही नाही. एका रुग्णामागे वर्षाला दीड लाख युरोंहून अधिक खर्च येऊ लागला, तेव्हा विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला.

पुढची हकीगत पक्षकार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठ-इस्पितळातील औषधनिर्मात्यांनी ही कॅप्सूल आपल्याच औषधशाळेत तयार करावयास घेतली. २०१८ मध्ये त्यांनी ती रुग्णांना देण्यास सुरुवात केली, तीही कंपनीच्या किमतीच्या सुमारे एक-षष्ठांश खर्चात. कच्च्या मालातील अशुद्धतेवरून सरकारी निरीक्षकांनी ते काम थांबविले. इस्पितळाने माल सुधारला आणि २०२० मध्ये ते पुनः सुरू केले. औषध-न्यायासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने मक्तेदारी-प्रतिबंधक प्राधिकरणाकडे तक्रार गुदरली, आणि २०२१ मध्ये त्या प्राधिकरणाने कंपनीला १ कोटी ९५ लाख युरोंहून अधिक दंड ठोठावला. २०२२ मध्ये इटली आणि स्पेन यांनीही त्याच मार्गाने जाऊन दंड केला.

ही दोन भावंडे शेजारी ठेवून पाहावीत. एक पित्ताम्ल ज्यांना हवे आहे त्यांना परवडत नाही. ते त्यांना मिळावे म्हणून सार्वजनिक इस्पितळाला झगडावे लागते. दुसरे पित्ताम्ल कोणालाच आजार म्हणून नको होते; ते हवेसे वाटावे म्हणून २१० कोटी डॉलर उभे राहतात. पहिल्यात साठ रुग्णांची असहायता हे भांडवल, दुसऱ्यात लक्षावधी निरोगी माणसांची अस्वस्थता हे भांडवल. औषधकंपन्या भले लोक चालवोत की बुरे, निकाल हाच लागतो. ही व्यवस्था आजाराची तीव्रता मोजतच नाही. ती फक्त खिसा मोजते.

आता त्या ‘चोचल्यां’कडे वळावे. जे कार्यकर्ते हा शब्द सहज वापरतात, त्यांनी एकदा विमानकंपन्यांच्या सेवाशर्ती वाचाव्यात. एअर इंडिया ही त्या काळी मुंबईत मुख्यालय असलेली, राष्ट्रीयीकरण झालेली, समाजवादी ध्येयाची म्हणून गौरविली गेलेली कंपनी. तिच्या हवाई सुंदरींची नोकरी पहिल्या गर्भधारणेबरोबर संपुष्टात आणणारी अट सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केली. तत्पूर्वी ती बिनदिक्कत चालू होती. वजनाच्या अटीचे मात्र तसे झाले नाही. ती न्यायालयात आव्हानिली गेली तेव्हा २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने व्यवस्थापनाची बाजू उचलून धरली, आणि २००९ च्या आरंभी वजन कमी न केल्याबद्दल काही स्त्रियांना कामावरून दूर करण्यात आले. २०१४ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने उंची-वजनाच्या गुणोत्तराचे नियम घातले : पुरुष कर्मचाऱ्यांसाठी १८ ते २५ हे प्रमाण योग्य, स्त्रियांसाठी १८ ते २२. वैद्यकाच्या पुस्तकांत हा निर्देशांक प्रौढ स्त्री-पुरुषांना एकच असतो. तेथे स्त्रियांसाठी तीन अंकांची ही वेगळी कात्री नाही. ती कोणत्या विद्याशाखेतून आली, हे महासंचालनालयालाच ठाऊक. पुढच्या वर्षी सुमारे सव्वाशे कर्मचाऱ्यांना उड्डाणावरून उतरविण्याची तयारी झाली.

विमानातील स्त्री प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेली असते. आणीबाणीत दार उघडणे, माणसे बाहेर काढणे हे तिचे काम. मात्र तिच्या हनुवटीची रेषा हा तिच्या वेतनाचा आधार बनतो. जी गोष्ट विमानात लेखी आहे, ती हॉटेलच्या स्वागतकक्षात, दागिन्यांच्या पेढीवर, मोठ्या दुकानांच्या विक्रेत्यांत, दूरदर्शनच्या पडद्यावर अलिखित आहे. तेथे वयाची चाळिशी, बाळंतपण, थायरॉइड किंवा केवळ आईकडून आलेली शरीरयष्टी ही सारी कामगाराच्या विरुद्धची कागदपत्रे ठरतात. अशा स्त्रीने कर्ज काढून सुई टोचून घेतली तर तिला नटवी म्हणावयाचे? गिरणीतल्या कामगाराने मागाचा वेग वाढविण्यासाठी चहावर चहा प्यायला, तर त्याला चहाबाज म्हणून हिणविण्यासारखेच ते आहे. तिचे शरीर हे तिच्या श्रमाचे हत्यार आहे, आणि त्या हत्याराची दुरुस्ती मालकाने तिच्याच पैशातून करवून घेतली आहे.

आणि म्हणूनच ‘तिचे शरीर, तिचा निर्णय’ हा युक्तिवादही अपुरा ठरतो. निर्णय तिचाच आहे, तो हिरावून घेण्याचा अधिकार पक्षालाही नाही आणि नवऱ्यालाही नाही. पण ज्या तराजूवर ती निर्णय तोलते, त्या तराजूची वजने कोणी घातली? डॉ. राममनोहर लोहिया यांनी सौंदर्य आणि त्वचेचा रंग यांवर लिहून हे फार पूर्वी दाखवून दिले होते. गोरा रंग सुंदर वाटतो याचे कारण डोळ्यांत नसून सत्तेच्या इतिहासात आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्या वेळी त्यांच्या काही सहकाऱ्यांनाच तो विषय राजकारणाच्या दृष्टीने हलका वाटला असेल. आज गोरेपणाच्या क्रीमचा केवढा व्यापार झाला आहे, हे पाहिले म्हणजे हलके कोण होते ते समजते. रंगानंतर आता रेषेची पाळी आली आहे.

या सौंदर्यसुईच्या इजेतही वर्गभेद आहे. अमेरिकेत मान्यताप्राप्त इंजेक्शनाच्या एका बैठकीला साधारणतः हजार-बाराशे डॉलर पडतात. आरोग्यविमा ते देत नाही. ज्यांना हा खर्च झेपतो त्यांच्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर, मोजलेली मात्रा, इशारापत्रक. ज्यांना झेपत नाही, पण ज्यांच्यावर दबाव तोच आहे, त्यांच्यासाठी टपालाने येणाऱ्या कुप्या. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला लोकांना सावध करावे लागले : मान्यता नसलेली मेद विरघळविणारी इंजेक्शने टोचून घेतलेल्यांना, आणि घरी स्वतःच टोचून घेणाऱ्यांना, कायमचे व्रण, गंभीर जंतुसंसर्ग, त्वचेची विरूपता, गळवे आणि खोलवर दुखणाऱ्या गाठी झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. २०२३ मध्ये ज्या देशात अडीच कोटींहून अधिक माणसे कोणत्याही आरोग्यविम्याविना होती, त्या देशात या गाठी घेऊन कोणाच्या दारी जावयाचे?

भारतात याची लागण झाली नाही असे समजणे भाबडेपणाचे होईल. मुंबई-पुण्यातील सौंदर्यचिकित्सालये ‘मेद विरघळविणारी’ इंजेक्शने उघडपणे देऊ करतात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर त्यांच्या जाहिराती दिवसरात्र झळकतात. येथे कुपोषित बालकांचे आकडे मांडून टाळ्या घेता येतील. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आढळली, हे खरेच आहे आणि लाजिरवाणे आहे. पण दवाखान्यातल्या सुया बंद झाल्याने मेळघाटातील मुलाच्या ताटात भाकरी वाढणार नाही. या विरोधाभासाने वक्त्याचे काम सोपे होते, शासनाचेही होते. कारण त्यातून करावयाचे असे काहीच निष्पन्न होत नाही.

करावयाचे आहे ते निराळे आणि बरेच नीरस आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा या देशात १९५४ पासून आहे. त्याच्या अनुसूचीत ज्या विकारांवरील औषधांची जाहिरात करण्यास बंदी आहे, त्यांत लठ्ठपणाचा समावेश आहे. शरीराच्या रचनेवर परिणाम करण्याच्या हेतूने वापरलेली कोणतीही वस्तू, अन्न वगळता, त्या कायद्याच्या व्याख्येत ‘औषध’ ठरते. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पळवाट आहे ती अशी : नोंदणीकृत डॉक्टर आपल्या जागेत त्या विकारावर उपचार होतात असा फलक लावू शकतो. म्हणजे दवाखान्याच्या दारावरील पाटी चालेल. वृत्तपत्रातील, रेल्वेच्या डब्यातील आणि भ्रमणध्वनीवरील जाहिरात चालणार नाही. चतुर जाहिरातदार ‘लठ्ठपणा’ हा शब्द टाळून ‘आकार’, ‘रेषा’, ‘घडण’ असे शब्द वापरतात, आणि अधिकारी त्या शब्दांकडे पाहून स्वस्थ बसतात. मेद कमी करण्याचा दावा हा लठ्ठपणावरील उपचाराचाच दावा होय, असे एकदा न्यायालयाकडून ठरवून घेण्यासाठी कोणीतरी खटला भरावा लागेल. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे पुराव्यासह लेखी तक्रार करणे आणि तिचा पाठपुरावा करणे हे जिल्हा समित्यांना सहज जमण्यासारखे आहे. जाहिरातीचे कात्रण किंवा पडद्याचे छायाचित्र, तारीख, दवाखान्याचा पत्ता आणि कुपीवर निर्मात्याचे नाव व परवाना क्रमांक आहे की नाही याची नोंद, एवढे पुरेसे होते.

दुसरे काम कामगार संघटनांचे आहे, आणि तेथे अडचण अधिक आहे. हॉटेल, विमानसेवा, किरकोळ विक्री आणि रुग्णालयातील स्वागतकक्ष येथील करारांत देखाव्याविषयीची, वजनाविषयीची कलमे आजवर संघटनांनी निमूटपणे मान्य केली. पगारवाढीच्या वाटाघाटीत ती बिनमहत्त्वाची म्हणून सोडून दिली गेली. पुष्कळदा वाटाघाटीला बसलेले सर्व प्रतिनिधी पुरुष होते. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेल्यापासून तर मालकापुढे सार्वजनिक उद्योगाची लाजही उरलेली नाही. ही कलमे नव्या करारांत राहतात की जातात, आणि ती उचलून धरण्यास टेबलाच्या या बाजूने किती स्त्रिया बसतात, हे येत्या वाटाघाटींत दिसेल.